न पडणारी पाल

काल सकाळी सासूबाईनं अंगणात पाय ठेवला अन् लगेच मागे घेतला. नवतपा लागला, म्हणे, उन्हाळ्यातले ते नऊ आगीचे दिवस. त्यायले कॅलेंडर पाहा लागत नाई, फरशीच सांगते. मंग आमच्या यायनं कूलरची मागच्या सालची खस काढली, नवी बांधली, टाकीत बालटीनं पाणी ओतलं, अन् पंखा फिरला तसा तो वास घरभर गेला, ओल्या गवताचा, अन् त्यात थोडा गंजलेल्या पत्र्याचा. तो वास आला की मी असन तिथे थांबते. हातातलं काम हातातच राहते. मले तो उन्हाळा आठवते ज्या उन्हाळ्यात आमच्या घरात पाल आली.

पाली तं आधीबी होत्याच म्हणा. रायपूरच्या या गुढियारीत कोणाच्या घरात नाई? इकडे रेल्वेचा माल उतरते, गल्लीगल्लीत धान्याची पोती, धान्य तिथे कीडे, कीडे तिथे पाली. पण त्या आपल्या मनानं येतात, आपल्या मनानं जातात. मी त्या पालीचं सांगून राहिली जी आमी जाऊन, पाहून, निवडून आणली. भोकं पाडलेल्या डब्यात घालून, मोटरसायकलवर, माह्या मांडीत. हव, माह्याच मांडीत, जिले पालीचं नाव घेतलं तरी घाम फुटे.

मले हे भेव लहानपणापासून नोहोतं. जुई पोटात होती तेव्हापासून आहे. दिवस भरत आले होते, मी खाली बसून मटर सोलून राहिली होती, अन् वरून, ट्यूबलाइटच्या मागून, थप्पकन खांद्यावर पडली. थंड, अन् जिवंत. मी ओरडलीबी नाई. श्वास वर गेला अन् तिथेच बसला, खाली यायचं नावच घेईना. सासूबाईनं डोक्यावरून पाणी घातलं, देवापाशी दिवा लावला, मंग पंचांग काढलं. पंचांगात लिहून राहते ना, पाल डोक्यावर पडली तं काय, पाठीवर पडली तं काय, बाईमाणसाले डावं अंग काय अन् उजवं काय. त्यायनं बोट फिरवत खांदा शोधला अन् मोठ्यानं वाचून दाखवलं. चांगलंच लिहून होतं. पण कागदावर चांगलं लिहून असलं म्हणून खांदा थोडीच विसरते? अजूनबी ट्यूबलाइटच्या खालून जाताना माहा डावा खांदा आपोआप कानाकडे जाते.

मंग जुई झाली, अन् तिले दमा निघाला. पावसाळ्यात, थंडीत, धानाचा भुसा उडाला की, कोणाच्या घरी अगरबत्ती लागली की, तिच्या छातीत शिट्टी वाजे. समता कॉलोनीतल्या डॉक्टरनं सांगितलं, कुत्रा नाई, मांजर नाई, पोपट नाई, केसावाला पिसावाला कोणताच जीव घरात नाई. अन् मंग माह्याकडे वळून म्हणाले, "आप घबराती हो न, तो ये आपका चेहरा देखके घबराती है. फिर साँस और चढ़ती है. इसके सामने चेहरा ठीक रखा करो."

मी हव म्हटलं. चेहरा ठीक ठेवा म्हणजे काय, ओढणी आहे का, सरकली की नीट केली? पण त्यायचं खरं होतं. मी पाहिलं होतं. काईबी झालं, भांडं पडलं, वीज कडाडली, कोणी दार वाजवलं, पोट्टी आधी त्या आवाजाकडे नाई पाहे, माह्या तोंडाकडे पाहे. माह्या तोंडावर जे असन ते तिच्या छातीत जाये. त्या दिवशी परत येताना रिक्षात मी तिले मांडीवर घेऊन मनातल्या मनात सांगून राहिली होती, की बाई, माहं सगळं घे तू. माहं नाक घे, माहे केस घे, माहा सावळा रंग घे. माहं भेव तेवढं नको घेऊ.

अन् गंमत पाहा, तिले पालीचं भेव नोहोतंच. ती खुर्चीवर उभी राहून ट्यूबलाइटजवळच्या पालीशी हिंदीत बोले. खाना खाया क्या, कहाँ गई थी, तुम्हारी मम्मी कहाँ है. मराठी तिले समजते सगळं, पण तोंडातून हिंदीच निघते, शाळेतबी हिंदी, गल्लीतबी हिंदी. तं ती अशी गोष्टी करत राहे अन् मी रसोईतून बाहेर आली की माहा श्वास वर जाये, तोंडातून हुं निघे, अन् ती वळून माह्याकडे पाहे. मंग खुर्चीवरून खाली उतरे. मंग खोकले. मी तिले काई म्हटलंबी नाई, हात लावलाबी नाई, तरी खाली उतरवली. असं कितीदा झालं असन. एक दिवस ती खुर्चीवर चढायच्या आधीच माह्याकडे पाहाले लागली.

तिले जीव पाहिजे होता घरात. सगळ्याच लेकरायले पाहिजे असते. एकदा तिनं मागच्या भिंतीवरचा सरडा टोपलीखाली झाकून ठेवला अन् आजीले पहाऱ्यावर बसवलं. हे भनपुरीतून ड्यूटीवरून आले, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मालाच्या पावत्या, बिल्ट्या बनवतात हे, तं यायनं टोपली उचलून त्याले सोडून दिलं. तिले समजावलं की रानातला जीव पाळता येत नाई, सरकारचा कायदा आहे, अन् कायदा नसता तरी त्याचं घर आपल्या घरात नाई. ती रडली नाई. भिंतीकडे पाहात बसली.

त्याच सुमाराले तिची दाढ किडली. आमच्या डॉक्टरच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या माळ्यावर, दातायच्या डॉक्टर दीदी बसत. आमी दोघी जिना चढून गेलो, अन् त्या बसायच्या खोलीत, सोफ्याच्या बाजूले, काचेची मोठी पेटी. आत एक दाढीवाला सरडा, मातीच्या रंगाचा, दगडावर असा बसून जसा पंचायतीतला बुजुर्ग. जुईनं दाढ भरून घेईपर्यंत आ केलेलं तोंड बंद केलं नाई अन् डोळेबी उघड्या दारातून त्या पेटीवरून हटवले नाई. दीदी हसल्या. म्हणाल्या याच्यासाठीच ठेवला आहे, पोरं रडत नाईत. अन् मागच्या खोलीत अजून आहेत. हे सगळे परदेशी जातीचे, इकडेच पेट्यायमध्ये जन्मलेले, कागदपत्र करून ठेवलेले.

मी दाराच्या चौकटीले धरून उभी होती. माह्या कानात माहाच श्वास.

घरी दोन दिवस जुईनं काई मागितलं नाई. तिले मागाची सवय नाई, दमेकरी लेकरं लवकर शहाणी होतात. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडे पाहात हळूच म्हणाली, "मम्मी, उसके तो बाल भी नहीं हैं." एवढंच. डॉक्टरनं केसावाला नको म्हटलं, पिसावाला नको म्हटलं, अन् पोट्टीनं आपल्या मनानं हिशेब लावला. आमचे हे हसले, सासूबाई हसल्या नाई. सासूबाई म्हणाल्या, "अवो, लोकं झाडूनं पाली हाकलतात, अन् तुमी काय निमंत्रण देता?" अन् हे माह्याकडे पाहून म्हणाले की तुलेच तं भेव वाटते, तूच सांग.

जुईबी माह्याकडे पाहून राहिली होती. मले वाटलं, आता जर मी नाई म्हटलं तं ती समजून घेईन, रडणारबी नाई, अन् पालीले भ्यायचं असते हे तिचं कायमचं ठरून जाईन. मी घास गिळला. म्हटलं, पाहून तं येऊ.

आमी रविवारी गेलो. हे जिन्याच्या खालीच थांबले, म्हणे गाडीले कुलूप बरोबर लागत नाई, कोणीतरी पाहिजे. आमच्या गाडीचं कुलूप एवढं बिघडलेलं आहे हे मले त्या दिवशी समजलं.

मागच्या खोलीत भिंतीले लागून पेट्या. दीदीनं आधी कोणतंच जनावर दाखवलं नाई, आधी आमाले खाली बसवलं अन् विचारलं. दिवसभर घरी कोण राहते? मी. उन्हाळ्यात लाइट जाते का? जाते, गुढियारीत तं रोजची आहे. पेटी साफ कोण करन, खाऊ कोण घालन? जुई म्हणाली मी. दीदी म्हणाल्या शाळेत गेल्यावर? मंग सगळे माह्याकडे पाहून राहिले. सगळे म्हणजे जुई अन् दीदी, पण मले खोली भरल्यासारखी वाटली.

दीदी म्हणाल्या, "देखो, बच्चे कहते हैं हमारा है, पर जानवर तो माँ का ही होता है. तो पसंद भी आप ही करो."

मी? मी तं डोळे अर्धे मिटून बसली होती. मी जुईच्या मागे लपून पाहाचं ठरवून आली होती, अन् इथे मलेच समोर बसवलं.

मंग एकएक दाखवलं त्यायनं. हिरवा इग्वाना, छोटा होता तं कोवळ्या पानासारखा सुंदर, पण म्हणे मोठा झाला की माणसाच्या हातापेक्षा लांब होते, अख्खी खोली मागते, नव्या माणसाचं काम नाई. एक पापण्यायवर झालर असलेली, झाडावर राहणारी, तिले आपला रायपूरचा उन्हाळा सोसत नाई. दाढीवाला जुईच्या मनातला, भाजीपालाबी खाते, माणसायत रमते, पण त्याले दिवसभर तेज दिवा पाहिजे, मोठी पेटी पाहिजे, लाइट गेली की तो थंडा. जुईचं तोंड पडलं. अन् शेवटी दीदीनं एक खालची पेटी ओढली, त्यात उलटा कुंडा, कुंड्याले एक फुटका दरवाजा, अन् दरवाज्यातून एक तोंड. पिवळं, काळे ठिपके. लेपर्ड गेको म्हणतात तिले. माह्या डोळ्याले ती पालच दिसली. जाड्या शेपटीची पाल.

मले त्यातलं काई समजत नोहोतं, पण निवडणं मले येते. बुधवारच्या बाजारात मी वांगं हातात घेतलं की भाजीवाली म्हणते, ही घेईन ते चांगलंच निघन. दीदीनं मले तसंच शिकवलं. शेपूट पाहा, भरलेली पाहिजे, तिथे ती आपली शिदोरी ठेवते. डोळे पाहा, स्वच्छ, पाणी नाई, चिपडं नाई. पायाची बोटं मोजून पाहा, जुनी कात अटकलेली नको. अन् आपल्यासमोर खाताना पाहिल्याशिवाय कोणतंच जनावर घरी नेऊ नका, दुकानदार किती गोड बोलला तरी. पिल्लू नका घेऊ, पिल्लू नाजूक राहते, वर्षाच्या वरचं घ्या. मी ऐकून राहिली होती, अन् ऐकता ऐकता डोळे पूर्ण उघडले हे मलेच समजलं नाई.

पण एक गोष्ट माह्या मनात होती, ती विचाराची लाज वाटे. शेवटी विचारलीच. म्हटलं, दीदी, ये ऊपर से गिरती है क्या?

दीदी हसल्या नाई. "गिरने के लिए चढ़ना पड़ता है. इसके पंजे चिपकते ही नहीं. काँच पे भी नहीं चढ़ सकती, दीवार की तो बात ही छोड़ो."

जी चढत नाई ती पडत नाई. मले एवढं हलकं वाटलं की काय सांगू. वरच्या पालीचं मले भेव होतं. ही तं खालची होती, माह्यासारखीच, फरशीवर चालणारी. अन् तेवढ्यात तिनं माह्याकडे पाहून डोळे मिटले. घरच्या पाली कधी डोळे मिटत नाईत, तुमी पाहा, पापणीच नसते त्यायले, त्या पाहातच राहतात, रात्रंदिवस. हिनं मिटले, जशी दुपारी सासूबाई बसल्या बसल्या मिटतात. मी म्हटलं, हीच.

जुईनं विचारलं दाढीवाला नाई का? अन् मंग माह्याकडे नीट पाहून तिनं स्वतःच म्हटलं, ठीक है, यही. आज वाटते, त्या दिवशी ती माह्यासाठी समजूतदार झाली होती. मी तिच्यासाठी अन् ती माह्यासाठी. पालीचं नाव जुईनं रस्त्यातच ठेवलं. पिवळी, ठिपक्यायची. बुंदी.

सासूबाईनं पंचांग काढून ठेवलेलंच होतं. मी म्हटलं आई, त्यात पाल पडल्याचं लिहून आहे ना? ही भिंतीवर चढतच नाई तं पडन कशी? त्यायनं पंचांगाची पानं उलटून पाहिली, न पडणाऱ्या पालीचं त्यात काईच नोहोतं. मंग त्यायनं पंचांग परत खुंटीवरच्या थैलीत ठेवलं अन् म्हणाल्या, "पण माह्या देवाच्या खोलीत नाई." हे म्हणजे हवच झालं.

त्यायले खरा राग आला तो कीड्यायचा. बुंदी जिवंत कीडे खाते, पिवळे, अळीसारखे. ते आमी प्लास्टिकच्या डब्यात गव्हाच्या चोकरात, म्हणजे कोंड्यात, ठेवले, वरून गाजराचा तुकडा. आता माहं आयुष्य गेलं पिठातले कीडे वेचण्यात, मैद्यात जाळी दिसली की सासूबाई गल्लीभर सांगत, अन् तीच मी आता चोकर घालून, गाजर घालून कीड्यायचा संसार चालवून राहिली. सासूबाई शेजारणीले म्हणाल्या, "आमच्या सुनेची उलटीच तऱ्हा, लोकायच्या सुना कीडे काढतात, आमची पोसते." शेजारीण चहा अर्धा टाकून गेली.

जुई संध्याकाळी बुंदीले हातावर घेऊन बसे. तिची शिट्टी अशी थांबे जशी कोणी बटन दाबलं. मी दूरूनच, रसोईच्या दारात. पेटी मी साफ करे, पण आधी जुई बुंदीले काढून घे तेव्हा. कीडे मी चिमट्यानं टाके. डॉक्टरनं म्हटल्यासारखा मी चेहरा ठीक ठेवे, अन् मले वाटे की जमून गेलं. पोट्टीले समजत नाई. अजून एक उन्हाळा, अजून एक, अन् ती मोठी होऊन जाईन, माह्या भेवाच्या हाताबाहेर.

असं मले वाटे. मंग नवतपा लागला.

नवतपात रायपूर कसं राहते ते इथल्यालेच माहीत. दुपारी रस्त्यावर कुत्रंबी दिसत नाई. डांबर बोटाले चिकटते. अन् त्या दिवसायत या गावाले एकच काम सुचते, दुसऱ्याले थंड करायचं. महादेवाच्या पिंडीवर मडकं टांगतात, थेंब थेंब गळते. तुळशीवर टांगतात. छतावर चिमण्यायसाठी पाण्याचे सकोरे. कोणी दारात माठ ठेवते, येणाऱ्याजाणाऱ्याले पाणी पाजते. देवाले चंदन, पाहुण्याले आंब्याचं पन्हं, पोरायच्या खिशात कांदा. गरम करायचं कोणाच्या मनातबी येत नाई.

बुंदीच्या पेटीखाली एका अंगाले दीदीनं दिलेली गरम होणारी पट्टी होती, लाइटवर चालणारी. मी ती काढून टाकली. नवतपात कोणी गरम पट्टी लावते? एवढी तं अक्कल मले आहे, असं वाटलं. पेटी उचलून कूलरच्या समोर ठेवली, जिथे सगळ्यात जास्त हवा. अन् मले खरी खुशी कशाची झाली, तं सासूबाईनं आपलं जुनं मऊ लुगडं फाडून, ओलं करून, स्वतः पेटीवर टाकलं. जीव हाये बाप्पा, म्हणाल्या, त्याले नाई का लागत ऊन. ज्या बाईनं पंचांग काढलं होतं, ती बाई रोज दुपारी त्या फडक्यावर पाणी शिंपडून राहिली होती, तुळशीवर शिंपडते तसं. मले वाटलं, आता ही घरची झाली.

बुंदी कुंड्यातून निघेना. तिचा पिवळा रंग मळल्यासारखा झाला. आमी म्हटलं, उन्हानं झालं, अन् फडकं अजून ओलं केलं.

त्या दुपारी सासूबाई पोथी घेऊन बसल्या होत्या, मी रसोईच्या दारात मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला निवडून राहिली होती, हे ड्यूटीवर. जुई पेटीपाशी होती. तिनं फडकं उचललं अन् हात आत घातला, रोजच्यासारखा. अन् बुंदीनं तोंड उघडलं, मान ताणली, अन् आदल्या दिवशी खाल्लेले कीडे जसेच्या तसे बाहेर टाकले. मंग तिथेच, पेटीत अंथरलेल्या ओल्या कागदावर, मान टाकली.

जुईनं हात बाहेर काढला. असा काढला जसा चटका बसला. दोनी हात पाठीमागे नेले अन् मागे मागे सरकत भिंतीले लागली. अन् माह्याकडे पाहाले लागली, अन् तिच्या छातीतून शिट्टी निघाली.

मी पळत गेली, म्हणजे पोट्टीकडे पळत गेली, तिचा दम्याचा पंप तिले दिला, पाठ चोळली, अन् एका हातानं दीदीले फोन लावला. त्यायनं ऐकून घेतलं. रागावल्या नाई. म्हणाल्या, हिचं पोट गरमीशिवाय पचवत नाई, अन् ओल्या हवेनं छाती भरते. ना तिले लूची झळ पाहिजे, ना कूलर. पेटीचं एक अंग कोमट ठेवा अन् एक थंड. "दोनों दो उसको, वो खुद चुनेगी कहाँ बैठना है. आप मत चुनो उसके लिए." अन् म्हणाल्या, आधी तिले त्या ओल्यातून बाहेर काढा, आत्ता, पेटी पुसून वाळवून होईपर्यंत हातात घ्या, तळहाताची ऊब पुरते.

फोन ठेवला. सासूबाईनं पोथी बाजूले ठेवली होती, कूलर बंद केला होता, अन् हात जोडून उभ्या होत्या, त्यायले वाटे आपल्याच फडक्यानं झालं. मी म्हटलं आई, तुमी पेटी पुसा, मी हिले काढते. कोणत्या तोंडानं म्हटलं कोणाले माहीत.

चेहरा ठीक ठेवाचं मी त्या वेळी विसरूनच गेली. ठेवताच आला नसता. मले घाम फुटला होता, दात वाजून राहिले होते, भर नवतपात. जुई भिंतीले लागून सगळं पाहून राहिली होती, काईच लपलं नाई तिच्यापासून. मी हात आत घातला. खालून, दीदीनं सांगितल्यासारखा, शेपटीले धक्का न लावता. पहिले बोटाले तिचं पोट लागलं, थंड अन् मऊ, मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं, अन् माहा खांदा कानाले जाऊन लागला, श्वास वर गेला अन् बसला. मी हात काढला नाई. श्वास वर बसला तं बसू दे म्हटलं, हात खालीच राहू दे. उचलली. दुसरा हात वरून झाकला. अन् रसोईच्या दारापाशी, जिथे ना कूलरचा ओलावा ना बाहेरची झळ, खाली बसून गेली.

लय वेळ काईच झालं नाई. सासूबाई पेटी पुसून राहिल्या होत्या, कोरड्या फडक्यानं, मंग अजून कोरड्या फडक्यानं. बाहेर गल्लीत काई आवाज नाई. तिचं नख माह्या तळहाताले टोचलं, एकदा, मंग अजून एकदा.

बुंदी वाचली, हे सांगून टाकते. आज ती दारापाशीच असते, तिच्या पेटीत दोन अंगं आहेत, कोमट अन् थंड, ती जिथे पाहिजे तिथे बसते, अन् मी पाहात नाई कुठे बसली ते. जुई आता मोठ्या शाळेत जाते, पंप दप्तरात राहते, महिना महिना निघत नाई. कशाकशाले भेते ती. परीक्षेले भेते, गणिताच्या मॅडमले भेते, रात्री अंगणात जायले भेते. मी तिले कधी म्हणत नाई की भेऊ नको. मलेच येत नाई ते, तं तिले कुठून शिकवू. पालीचं भेव माहं गेलं का, कोणी विचारलं तं खरं सांगते, नाई गेलं. आजबी हात घालताना श्वास वर जाते.

पण त्या दुपारी, दारापाशी, मी अशी बसली असताना जुई भिंतीपासून सुटली. हळूहळू गुडघ्यायवर सरकत जवळ आली, हात पाठीमागेच. माह्या मनगटाजवळ कान आणला, मंग एक बोट काढून माह्या मनगटावर ठेवलं.

"मम्मी, इसका दिल कितना जोर से चल रहा है."

मी म्हटलं, "तिचं नोहोय ते. माहं आहे."

तिनं वर पाहिलं. "तुमको डर लग रहा है?"

"हव," मी म्हटलं. "लय."

"तो छोड़ क्यों नहीं देती?"

मी म्हटलं, "अजून गरम नाई झाली ना ती."

जुई अजून जवळ सरकली. मंग दुसराबी हात पाठीमागून काढला, दोनी हात माह्या हाताखाली लावले, जसे नळाखाली ओंजळ लावतात, अन् तशीच बसून राहिली. तिच्या छातीतली शिट्टी अजून वाजून राहिली होती, पण हळू.